एका डॉलरचं खरेदीखत आणि रिकामी झालेली तिजोरी: ‘सुपरफंड’चा इतिहास कसा वाचावा

पर्यावरण कायद्याच्या इतिहासावर संशोधन करायचं ठरवलं की बहुतेक जण पहिल्या आराखड्यात एक तक्ता काढतात. डावीकडे साल, उजवीकडे कायदा, खाली दुरुस्त्या. मीही काढला होता. मार्गदर्शकांनी तो नीट वाचला आणि एकच प्रश्न विचारला, “याचे पैसे कोण देणार होतं?” मला उत्तर देता आलं नाही. त्या दिवसापासून माझ्या प्रबंधाची दिशा बदलली, म्हणून आजचा लेख त्या प्रश्नावरच.

उदाहरण अमेरिकेचं घेऊया. १९८० मध्ये तिथे दूषित जमिनींच्या सफाईसाठी एक कायदा झाला. त्याचं अधिकृत नाव लांबलचक आहे. सगळे त्याला ‘सुपरफंड’ म्हणतात. कायद्याचं टोपणनावच ‘निधी’ असावं, हे तसं विरळा. आणि एवढं असूनही या कायद्याबद्दल वाचताना आपण निधीचा भाग पटकन उलटून पुढे जातो.

एका डॉलरची जमीन

न्यूयॉर्क राज्यात नायगारा फॉल्स नावाचं शहर आहे. १८९० च्या दशकात विल्यम लव्ह या उद्योजकाने तिथे कालवा खणून त्याच्या आधारे नवं शहर वसवायचा बेत केला. पैसा आटला, बेत बारगळला, अर्धवट खणलेला चर मागे राहिला. १९४२ पासून हुकर केमिकल ही कंपनी त्या चरात कारखान्याचा रासायनिक कचरा टाकू लागली. १९५३ पर्यंत तिथे सुमारे २१,००० टन कचरा गाडला गेला. मग वरून माती टाकली आणि एप्रिल १९५३ मध्ये कंपनीने ही सुमारे १६ एकर जमीन शहराच्या शाळा मंडळाला एका डॉलरला विकली.

खरेदीखतात एक कलम होतं. जमीन रासायनिक कारखान्यातल्या टाकाऊ पदार्थांनी भरलेली आहे याची कल्पना घेणाऱ्याला दिलेली आहे, आणि पुढे त्यातून कोणाला इजा झाली तर कंपनीवर दावा लागणार नाही, असा त्याचा आशय. तुम्ही इतिहासाचे विद्यार्थी असाल तर या कागदावर थोडं थांबा. हा एकच कागद दोन परस्परविरोधी गोष्टींचा पुरावा म्हणून वापरला गेला. एका बाजूने म्हटलं, ‘बघा, कंपनीने सांगितलं होतं.’ दुसऱ्या बाजूने म्हटलं, ‘बघा, कंपनीला माहीत होतं आणि तिने जबाबदारी झटकली.’

दोन्ही बाजूंना दुजोरा देणारे कागद पुढेही सापडतात. शाळा मंडळाने तिथे शाळा बांधली, ती १९५५ मध्ये सुरू झाली. १९५७ मध्ये मंडळ उरलेली काही जमीन घरबांधणीसाठी विकायला निघालं, तेव्हा कंपनीच्या प्रतिनिधीने मंडळाच्या बैठकीत येऊन विरोध नोंदवला. १९८१ मध्ये ‘रीझन’ या मासिकाने याच कागदांच्या आधारे दोष मुख्यतः शाळा मंडळाचा आहे अशी मांडणी केली. म्हणजे गावाला विष पाजणारी कंपनी आणि भाबडं सरकार असं सरळ चित्र मनात धरून अभिलेखागारात गेलात, तर दुसऱ्याच फाइलला अडखळाल.

घरं झाली. लोक राहायला आले. त्यांच्या घराच्या कागदपत्रांत कचऱ्याचा उल्लेख असायलाच हवा, अशी सक्ती तेव्हा नव्हती. १९७० च्या दशकात पाऊस-बर्फ जास्त झाला, भूजलाची पातळी वर आली आणि तळघरांत काळसर द्रव झिरपू लागला. ‘नायगारा गॅझेट’ या स्थानिक वृत्तपत्राने प्रकरण लावून धरलं. लुईस गिब्ज या गृहिणीचा मुलगा त्या शाळेत जात होता. त्याच्या आजारपणावरून तिला शंका आली, ती दारोदार फिरली, आजारांची माहिती नकाशावर मांडत गेली. जुने, बुजलेले ओढे जिथून वाहत होते तिथल्या घरांत आजार जास्त दिसतात, असं तिच्या आणि कर्करोग-संशोधक बेव्हर्ली पेजन यांच्या लक्षात आलं. राज्याच्या आरोग्य खात्याला हे पटलं नाही.

२ ऑगस्ट १९७८ ला राज्याच्या आरोग्य आयुक्तांनी आणीबाणी जाहीर केली. गरोदर बायका आणि दोन वर्षांखालच्या मुलांनी तिथून निघावं, असा सल्ला दिला. आता एखाद्या आईच्या जागी स्वतःला ठेवून बघा. मूल सव्वादोन वर्षांचं असेल तर? पाच दिवसांनी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी केंद्राची आणीबाणी जाहीर केली आणि चराला लागून असलेल्या पहिल्या दोन रांगांतल्या सुमारे २४० कुटुंबांना हलवलं गेलं. मागच्या रांगांतले लोक तिथेच राहिले. घर विकायचं तर घेणार कोण? सोडून जायचं तर कर्जाचा हप्ता कोण भरणार?

मे १९८० मध्ये केंद्राच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, गुणसूत्रांच्या एका पाहणीचे निष्कर्ष जाहीर केले. ३६ रहिवाशांपैकी ११ जणांच्या गुणसूत्रांत बिघाड दिसल्याचं त्यात म्हटलं होतं. या पाहणीत तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता, आणि त्यावरून शास्त्रज्ञांनी तिच्यावर सडकून टीका केली. पण रहिवाशांच्या हातात तो अहवाल आलेला होता. १९ मे रोजी त्यांनी ईपीएच्या दोन अधिकाऱ्यांना काही तास अडवून ठेवलं. २१ मे रोजी कार्टर यांनी दुसरी आणीबाणी जाहीर केली आणि आणखी शेकडो कुटुंबांचा बाहेर पडण्याचा मार्ग मोकळा झाला. शास्त्र म्हणून लंगडा असलेला अहवाल धोरण म्हणून निर्णायक ठरला. संशोधन-पद्धतीच्या तासाला यावर स्वतंत्र चर्चा व्हायला हवी.

कायद्याचे तीन पाय

नोव्हेंबर १९८० मध्ये कार्टर निवडणूक हरले. सत्ता रेगन यांच्याकडे जाण्याआधीच्या थोड्या आठवड्यांत घाईघाईने तडजोड झाली आणि ११ डिसेंबर १९८० ला सुपरफंड कायद्यावर सही झाली.

या कायद्याला तीन पाय आहेत. पहिला दायित्वाचा: सफाईचा खर्च कोणाकडून वसूल करायचा. दुसरा यादीचा: कोणत्या जागा आधी घ्यायच्या. तिसरा निधीचा: जबाबदार माणूस सापडत नसेल, दिवाळखोर असेल किंवा भांडत बसला असेल, तर तोवर पैसा कुठून आणायचा. माझं म्हणणं एवढंच आहे की हे तीन पाय एकाच वेगाने चालले नाहीत. प्रत्येकाचं घड्याळ वेगळं होतं. इतिहास लिहिताना तिन्ही घड्याळं शेजारी ठेवावी लागतात.

कायद्यात नसलेले शब्द

दायित्वापासून सुरुवात करू. कायद्याने चार प्रकारचे लोक जबाबदार धरले: जागेचा आजचा मालक किंवा चालक, कचरा टाकला गेला त्या वेळचा मालक किंवा चालक, कचऱ्याची विल्हेवाट लावायला देणारा, आणि जागा निवडून तो वाहून नेणारा. निष्काळजीपणा सिद्ध करायची गरज नाही. कायदा होण्याआधी टाकलेल्या कचऱ्यालाही तो लागू.

यातला सगळ्यांत जाचक भाग म्हणजे ‘संयुक्त आणि पृथक’ दायित्व. दहा कंपन्यांनी कचरा टाकला, नऊ बुडाल्या, आणि नुकसान वेगवेगळं मोजता येत नसेल, तर उरलेल्या एकीकडून अख्खा खर्च मागता येतो. पण हे शब्द कायद्यात शोधायला जाल तर सापडणार नाहीत. शेवटच्या तडजोडीत ते मसुद्यातून काढून टाकले गेले होते. १९८३ मध्ये ओहायोतल्या ‘केम-डाइन’ खटल्यात न्यायालयाने म्हटलं की शब्द गाळले म्हणजे तत्त्व नाकारलं असं होत नाही. सामान्य कायद्याची तत्त्वं लावून न्यायालयाने ठरवावं. पुढची न्यायालयं त्याच वाटेने गेली. तेव्हा फक्त कायद्याची अंतिम प्रत वाचून दायित्वावर प्रकरण लिहू नका. मसुदे, सभागृहातली चर्चा आणि पहिल्या चार-पाच वर्षांतले निकाल एकत्र वाचा.

मग त्या एका डॉलरच्या खरेदीखताचं काय झालं? १९८८ मध्ये संघीय न्यायालयाने हुकरची मालक असलेल्या ऑक्सिडेंटल कंपनीला सुपरफंड कायद्याखाली सफाईच्या खर्चासाठी जबाबदार धरलं. खासगी करारातली जबाबदारी झटकण्याची कलमं सरकारपुढे चालत नाहीत. मात्र १९९४ मध्ये त्याच न्यायालयाने राज्याची दंडात्मक भरपाईची मागणी फेटाळली. त्याच वर्षी कंपनीने राज्याला ९.८ कोटी डॉलर आणि पुढच्या वर्षी केंद्राला १२.९ कोटी डॉलर द्यायचं मान्य केलं. दायित्व आहे, पण दंड करण्याइतका दोष नाही. हा फरक वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत हरवतो, निकालपत्रात सापडतो.

मालकाने इतिहास तपासायचा

कारखानदारांचं ठीक आहे. पण ज्याने कधी कचरा टाकलाच नाही, फक्त जमीन विकत घेतली, त्याचं काय? १९८५ चा ‘शोअर रिअल्टी’ खटला बघा. लाँग आयलंडवर एका कंपनीने घरं बांधायला जागा घेतली. तिथे आधीच्या लोकांनी साठवलेली सुमारे ७ लाख गॅलन घातक रसायनं पडून होती, आणि घेणाऱ्याला ती दिसत होती. न्यायालयाने सांगितलं, आजचा मालक तू आहेस, तेवढं पुरे.

या निकालाने जमीन घेणाऱ्यांच्या पोटात गोळा आला. १९८६ मध्ये कायद्यात मोठी दुरुस्ती झाली, तेव्हा ‘निर्दोष जमीनमालक’ हा बचाव आणला गेला. घेताना मला माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायचा योग्य तो सगळा प्रयत्न मी केला होता, असं सिद्ध केलं तर सुटका. आता ‘योग्य तो प्रयत्न’ म्हणजे काय? यातून जागेच्या पर्यावरणीय तपासणीचा एक मोठा व्यवसायच उभा राहिला, आणि १९९३ मध्ये तिची प्रमाणित पद्धत आली. त्या पद्धतीत माती खणायच्या आधी काय करतात माहीत आहे? जुने कागद वाचतात. मालकीची साखळी, शहराच्या जुन्या निर्देशिका, हवाई छायाचित्रं, आणि अग्निविम्यासाठी काढलेले सॅनबॉर्न नकाशे, ज्यांत कोणत्या इमारतीत कोणता धंदा होता, टाकी कुठे होती हे नोंदलेलं असायचं. अभिलेखागारात धूळ खात पडलेले नकाशे एकाएकी जमीन व्यवहारात आवश्यक झाले. इतिहासाला मागणी नाही असं म्हणणाऱ्या नातेवाइकांना हे जरूर सांगा.

बँकांनाही धक्का बसला. १९९० मध्ये एका अपील न्यायालयाने म्हटलं की कर्जदाराच्या कारभारावर प्रभाव टाकण्याची क्षमता बँकेकडे असेल तर तीही अडकू शकते. औद्योगिक जागांवर कर्ज द्यायला बँका बिचकू लागल्या आणि १९९६ मध्ये संसदेने त्यांना संरक्षण दिलं.

याचा एक उलटा परिणाम झाला. जुन्या औद्योगिक शहरांत बंद गिरण्या, कारखाने, गोदामं तशीच पडून राहिली. कदाचित थोडीशीच दूषित, कदाचित अजिबात नाहीत. पण घ्यायला कोणी तयार नाही, कारण घेतलं की मालक आणि मालक म्हणजे जबाबदार. नवे कारखाने शहराबाहेरच्या शेतजमिनीकडे वळले. प्रदूषण साफ करण्यासाठीच्या कायद्याने मोकळी हिरवी जमीन जास्त आकर्षक केली! अशा अडकून पडलेल्या जागांना तिकडे ‘ब्राउनफील्ड’ म्हणतात. १९९३ मध्ये क्लीव्हलँडच्या परिसरात त्यांच्यासाठी पहिलं प्रायोगिक अनुदान दिलं गेलं. जानेवारी २००२ च्या कायद्याने दोन गोष्टी एकत्र केल्या. एक, जागा दूषित आहे हे माहीत असूनही रीतसर तपासणी करून प्रामाणिकपणे घेणाऱ्याला संरक्षण. म्हणजे १९८६ ला ‘मला माहीत नव्हतं’ म्हणावं लागायचं, आता ‘माहीत आहे, काळजी घेतो’ म्हणता येऊ लागलं. दोन, तपासणी आणि सफाईच्या अनुदानासाठी वर्षाला २० कोटी डॉलरपर्यंत तरतुदीची मुभा. दायित्व सैल करणं आणि पैसा देणं एकाच कायद्यात आलं, हे लक्षात ठेवा. त्याच वेळी मूळ सुपरफंडच्या निधीचं नेमकं उलटं चाललं होतं. तिकडे येतोच.

२८.५ हा आकडा आला कुठून?

दुसरा पाय यादीचा. ईपीएने प्रत्येक जागेला धोक्यानुसार गुण द्यायची पद्धत केली. २८.५ किंवा त्याहून जास्त गुण मिळाले की जागा राष्ट्रीय प्राधान्य यादीत जाण्यास पात्र. दशांशासकट आकडा बघून आपल्याला वाटतं, यामागे मोठं विषशास्त्र असणार. प्रत्यक्षात कायद्यात निदान ४०० जागांची यादी करा असं म्हटलं होतं, आणि २८.५ ला रेघ ओढली की तेवढ्या जागा भरत होत्या. सप्टेंबर १९८३ च्या पहिल्या यादीत ४०६ जागा होत्या. पुढे १९९० मध्ये गुण मोजायची पद्धत बदलली, पण रेघ तीच ठेवली.

आता हाच आकडा संशोधकांच्या कसा कामी आला बघा. २८ गुणांची जागा आणि २९ गुणांची जागा यांच्या धोक्यात फारसा फरक नाही. पण एक यादीत आली, दुसरी राहिली. मग दोन्हींच्या आजूबाजूच्या घरांच्या किमतींची तुलना केली तर सफाईचा परिणाम कळेल की नाही? मायकेल ग्रीनस्टोन आणि जस्टिन गॅलाघर यांनी २००८ च्या शोधनिबंधात हेच केलं, आणि किमतींवर परिणाम अगदी किरकोळ दिसतो असा निष्कर्ष काढला. २०१३ मध्ये शांती गॅम्पर-रविंद्रन आणि क्रिस्टोफर टिमिन्स यांनी अधिक बारीक भौगोलिक एकक घेऊन पाहिलं, तर जागेलगतच्या घरांच्या, त्यातही स्वस्त घरांच्या किमती चांगल्या वाढलेल्या दिसल्या. मोठ्या परिसराची सरासरी काढली की चराशेजारचं घर त्यात बुडून जातं. एकक निवडताना तुम्ही कोणाला दृश्य करता आणि कोणाला अदृश्य, हे या दोन निबंधांइतकं स्वच्छ क्वचितच दिसतं.

तिजोरी

आता तिसरा पाय. १९८० मध्ये पाच वर्षांसाठी १६० कोटी डॉलरचा विश्वस्त निधी ठरला. त्यातला बहुतेक पैसा कच्चं तेल आणि ४२ रसायनांवरच्या खास करातून यायचा होता. तर्क सोपा: ज्या उद्योगांच्या मालातून हा कचरा शेवटी तयार होतो, त्यांनी सामूहिकपणे तिजोरी भरावी. १९८६ मध्ये निधी ८५० कोटी डॉलरवर गेला, तेलावरचा कर वाढला आणि मोठ्या कंपन्यांच्या उत्पन्नावर छोटासा पर्यावरण करही आला.

याच १९८६ च्या दुरुस्तीला आपल्या देशाचा एक दुखरा धागा आहे. भोपाळच्या डिसेंबर १९८४ च्या वायुकांडानंतर, आणि ऑगस्ट १९८५ मध्ये वेस्ट व्हर्जिनियात त्याच कंपनीच्या कारखान्यात गळती झाल्यानंतर, अमेरिकेत लोकांनी विचारायला सुरुवात केली की शेजारच्या कारखान्यात काय साठवलंय ते आम्हाला का माहीत नाही. त्यातून झालेला माहितीच्या हक्काचा कायदा याच दुरुस्तीचा एक भाग म्हणून मंजूर झाला. कारखान्यांनी दरवर्षी कोणती विषारी रसायनं किती सोडली, याची जाहीर नोंद १९८७ च्या आकड्यांपासून सुरू झाली.

कराबद्दल उद्योगांची तक्रार होती आणि ती अगदीच पोकळ नव्हती. सुपरफंड कायद्याच्या ‘घातक पदार्थ’ या व्याख्येतून कच्चं तेल वगळलेलं आहे. तरी कराचा मोठा वाटा तेल कंपन्यांकडून! शिवाय ज्याने स्वतःच्या खर्चाने आपली जागा साफ केली, त्यालाही कर भरावाच लागे. दुसऱ्या बाजूचं म्हणणं होतं की ज्या जागेला धनीच उरला नाही तिचा भार उद्योगाने नाही उचलायचा तर शेजारच्या रहिवाशाने उचलायचा का?

१९९४ च्या निवडणुकीनंतर संसदेत रिपब्लिकन बहुमत आलं. आधी दायित्वाचे नियम सैल करा, मग कराचं बघू, असा त्यांचा आग्रह. क्लिंटन सरकारला कर हवा होता, दायित्व सैल करायची ती किंमत मान्य नव्हती. कोंडी फुटली नाही आणि ३१ डिसेंबर १९९५ ला कराची मुदत संपली. रद्द करणारा कायदा नाही, गाजलेली चर्चा नाही, सही नाही. तुमच्या साल-कायदा तक्त्यात या दिवसाला जागाच नसते, कारण या दिवशी काहीच ‘झालं’ नाही.

निधीत १९९६ मध्ये सुमारे ३८० कोटी डॉलर शिल्लक होते. २००३ च्या आर्थिक वर्षाअखेरीस ती शिल्लक संपली. त्यानंतर वर्षानुवर्षं पैसा मुख्यतः सर्वसाधारण करातून, म्हणजे सामान्य करदात्याच्या खिशातून आला. ‘प्रदूषण करणारा भरेल’ हे तत्त्व कायद्यात कायम होतं. बहुसंख्य जागांची सफाई अजूनही जबाबदार कंपन्याच करत होत्या. पण ज्या जागांना धनी नव्हता, त्यांच्यापुरतं ते तत्त्व पोकळ झालं.

तारखा जुळत नाहीत तेव्हा

इथे मी एक मोठी चूक करणार होतो. ती सांगतो, म्हणजे तुम्ही करणार नाही.

ईपीए दरवर्षी किती जागांवरचं ‘बांधकाम पूर्ण’ झालं ते मोजते. १९९७ ते २००० या काळात दरवर्षी ८५ ते ८८ जागा. २००१ मध्ये एकदम ४७. २००३ मध्ये ४०. मी आनंदाने लिहून टाकलं: कर गेला, काम मंदावलं. मग तारखा शेजारी ठेवल्या. २००१ मध्ये तिजोरीत अजून पैसा होता! रिकाम्या तिजोरीमुळे काम मंदावलं म्हणावं, तर परिणाम कारणाच्या आधी येत होता.

खोलात गेल्यावर तीन गोष्टी कळल्या. पहिली, निधीत पैसा असला तरी तो आपोआप खर्च होत नाही. दरवर्षी किती काढायचा ते संसद अर्थसंकल्पात ठरवते. त्यामुळे शिल्लक बघायची नाही, वार्षिक तरतूद बघायची. संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाच्या २०१५ च्या अहवालात २०१३ च्या डॉलरमध्ये ही तरतूद १९९९ च्या सुमारे २०० कोटींवरून २०१३ पर्यंत सुमारे ११० कोटींवर आलेली दिसते. दुसरी, आधीच्या वर्षांत तुलनेने सोप्या जागा आटोपल्या होत्या. मागे राहिल्या त्या नदीतळाच्या, जुन्या खाणींच्या, अवाढव्य जागा. तिसरी, ‘बांधकाम पूर्ण’ म्हणजे सफाई पूर्ण नव्हे. यंत्रणा उभी झाली एवढंच. भूजल उपसून शुद्ध करणं त्यापुढे कित्येक दशकं चालू शकतं. लव्ह कॅनॉलची जागा यादीतून निघाली २००४ मध्ये, पहिल्या आणीबाणीनंतर २६ वर्षांनी, आणि तिथल्या गाळाच्या पाण्यावरची देखरेख तरीही थांबली नाही.

तेव्हा माझं वाक्य आता असं आहे: कर संपल्याने काम लगेच थांबलं नाही, पण सफाईचा पैसा दरवर्षीच्या घासाघिशीवर अवलंबून राहिला आणि भार उद्योगाकडून सर्वसाधारण करदात्याकडे सरकला. पहिल्या वाक्यापेक्षा हे कमी धारदार आहे. पण ते टिकतं.

पुन्हा कर

नोव्हेंबर २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याने सुपरफंडसाठी ३५० कोटी डॉलर दिले आणि रसायनांवरचा कर जुलै २०२२ पासून परत आणला, जुन्या दराच्या दुप्पट. ऑगस्ट २०२२ च्या दुसऱ्या कायद्याने तेलावरचा कर जानेवारी २०२३ पासून परत आला, पिंपामागे १६.४ सेंट, १९९५ मध्ये तो ९.७ सेंट होता. एका पिढीचा खंड पडून तिजोरीचं घड्याळ पुन्हा सुरू झालं. पाठोपाठ २०२४ मध्ये ईपीएने ‘कायमची रसायनं’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गटातली दोन, पीएफओए आणि पीएफओएस, घातक पदार्थांच्या यादीत घातली. म्हणजे दायित्वाचं जाळंही रुंदावलं. विमानतळं, पाणीपुरवठा संस्था, कचराभूमी चालवणाऱ्या पालिका हे सगळे धास्तावले. ज्यांनी ही रसायनं बनवली नाहीत, फक्त त्यांच्याकडे येऊन पोचली, अशांच्या मागे आम्ही लागणार नाही, असं संस्थेने धोरण म्हणून सांगितलं. पण धोरण बदलता येतं. १९८५ चा शोअर रिअल्टीचा निकाल कायम आहे.

आपल्याकडे बघताना

आपल्याकडे यावर काम करायला भरपूर जागा आहे. दोन धागे देतो.

राजस्थानात उदयपूरजवळच्या बिछडी गावात कारखान्यांच्या सांडपाण्याने विहिरी नासल्या. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९६ मध्ये ‘प्रदूषण करणाऱ्याने भरावं’ हे तत्त्व लावून निकाल दिला. विधी महाविद्यालयांत तो सगळीकडे शिकवतात. पण पुढे उपाययोजनेसाठी ठरलेल्या ३७.३८५ कोटी रुपयांच्या वसुलीसाठी जुलै २०११ मध्ये, पंधरा वर्षांनी, त्याच न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावा लागला. तत्त्वाची तारीख पाठ असते. पैशाची तारीख कोणाला विचारून बघा.

दुसरा धागा आकड्यांचा. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या ८८ औद्योगिक क्षेत्रांना गुण दिले. ७० च्या वर गेलेली ४३ क्षेत्रं ‘अतिप्रदूषित’ ठरली. त्यात आपलं चंद्रपूर ८३.८८ गुणांसह चौथं होतं, डोंबिवलीही होतं. जानेवारी २०१० मध्ये अशा क्षेत्रांत नव्या आणि विस्तारित प्रकल्पांच्या पर्यावरण मंजुरीवर स्थगिती आली. ७० ची रेघ कशी ठरली, तिच्या जरा खालच्या आणि जरा वरच्या गावांचं पुढच्या दहा वर्षांत काय झालं? २८.५ वर जे काम झालं ते ७० वर करता येईल का, निदान तपासून तरी बघा.

आणि जुलै २०२५ मध्ये दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियम भारतात पहिल्यांदाच अधिसूचित झाले आहेत. तुमच्यातल्या कोणी यावर काम करायचं ठरवलं तर नियमांची प्रत राजपत्रातून काढाच, पण तिथे थांबू नका. वहीत तीन रकाने आखा: दायित्व, यादी, निधी. प्रत्येक बदलाची तारीख योग्य रकान्यात लिहा. जिथे दोन रकान्यांत हालचाल आहे आणि तिसरा कोरा आहे, तिथे बहुधा तुमचं प्रकरण दडलेलं आहे. माझं तिथेच सापडलं, ३१ डिसेंबर १९९५ च्या ओळीत.